शाळा म्हणते "सोबत माणूस ठेवा नाहीतर दुसरी शाळा बघा"... वर्गातली मदत मागायची कशी?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतेय इथं, आज पहिल्यांदाच धागा काढते. कुणाशी तरी बोलल्याशिवाय झोप लागायची नाही असं झालंय.

माझा मुलगा तिसरीला आहे, कोल्हापुरातल्याच एका खाजगी शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही, उद्या सकाळी त्याला तिथंच सोडायचंय. त्याला ऑटिझम आहे, स्वमग्नता. बोलतो, वाचतो, गणित तर एकदम पक्कं. केएमटीची कुठली बस कुठून कुठं जाते आणि मधे कुठले थांबे घेते ते तोंडपाठ. पण आवाज सहन होत नाही. तासाची बेल नेमकी त्याच्या वर्गाच्या दारावर बसवलीय, मोठी इलेक्ट्रिकची. ती वाजायच्या आधी दोन मिनिटं हा घड्याळाकडं बघायला लागतो, मग दोन्ही तळवे कानावर दाबून बाकाखाली जाऊन बसतो आणि वाजून गेल्यावरही पाच-सात मिनिटं बाहेर येत नाही. दिवसाला आठ तासिका. म्हणजे रोजचा जवळजवळ एक तास पोरगं बाकाखाली.

गेल्या सोमवारी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "शॅडो टीचर तुमच्या खर्चानं ठेवा, नाहीतर त्याला सूट होईल अशी शाळा बघा." म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारा माणूस. चौकशी केली तर महिन्याला बारा हजार सांगितले. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, मी घरून शिवणकाम करते. बारा हजार कुठून आणायचे? आणि खरं सांगू का, त्याला माणूस नकोच आहे, ती बेल तिथून हलवायला पाहिजे. ते मी तिथं बोलले नाही. बोलायचं सुचलंच नाही, डोळ्यात पाणी आलं आणि उठून आलो.

तुम्ही कुणी शाळेकडं असं काही मागितलंय का? तोंडी का लेखी? कुणाला भेटायचं? आणि मी जास्त मागतेय का, हे पण सांगा.

कळंबा_तलाव

जास्त अजिबात नाही. बेल हलवायला एक वायरमन आणि एक दुपार लागते.

पन्हाळ्याचं_धुकं

ताई, आधी पाणी प्या आणि शांत व्हा. आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे, पण रस्ता तोच.

माझ्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचा-लिहायला अडचण येते. चौथीपर्यंत प्रगतीपुस्तकावर "आळशी", "लक्ष देत नाही", "घरी अभ्यास घ्या". मी पण घ्यायचे हो, रात्री दहा दहा वाजेपर्यंत, आणि एकदा तर हात पण उचलला तिच्यावर, ते आजही विसरता येत नाही. पाचवीत एका बाईंनी मला बाजूला घेऊन वही दाखवली. तोंडी विचारलं तर सगळी उत्तरं बरोबर येत होती, वहीत मात्र एकही जोडाक्षर धड नव्हतं. त्या म्हणाल्या ही आळशी नाही, हिची तपासणी करून घ्या. त्या बाईंचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

पुढं दहावीला सर्टिफिकेटमुळं तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळाला, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक पण मिळत होता, तिनं नको म्हटलं, स्वतःच लिहिलं सगळं. पण त्याचा अर्ज शाळेनं पाठवायचा असतो कोल्हापूर विभागीय मंडळाकडं, आणि आमच्या शाळेत तो अर्ज टेबलावरच पडून होता. मी दर चार दिवसांनी जाऊन विचारायचे. शेवटी ज्या दिवशी लेखी दिलं आणि पोच मागितली, त्याच दिवशी कागद हलला. म्हणून माझं एकच सांगणं, तोंडी बोला गोडीत, पण मागणी लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. तोंडी बोललेलं शाळेच्या लक्षात राहत नाही.

शिवाजीपेठी_आक्का

मी तर सरळ हेडबाईंच्या केबिनमध्ये जाऊन बसलो आणि सांगितलो, उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही. नातवाला फिट येते. शाळेनं सहलीला नेणार नाही म्हणून कळवलं, त्याला एकट्यालाच. मी म्हटलो मी येतो बसमधनं, माझं तिकीट मी काढतो, औषध माझ्या पिशवीत राहील, पण पोरगं जोतिबाला जाणार म्हणजे जाणार. आणि गेलं! सगळ्या पोरांनी मला पण आक्काच म्हटलं दिवसभर.

पुण्यातला_कोल्हापूरकर

आक्का, "जाऊन बसलो" वाचलं आणि घरी आल्यासारखं वाटलं. दहा वर्षं झाली पुण्यात, इथं बायका असं बोलत नाहीत.

शिवाजीपेठी_आक्का

मग ये की भावा, कट वडा खाऊ. पण आधी त्या पोरीचं काम होऊ दे.

कसबा_बावडा_वकील

मूळ प्रश्नाकडं येतो. मी वकिली करते, घरात दिव्यांग भाऊ आहे, म्हणून हा कायदा मला फक्त कोर्टापुरता माहीत नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, यात २१ आहेत आणि ऑटिझम, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता दोन्ही त्यात येतात. कलम १६ काढून वाचा, दीड पानाचंसुद्धा नाही. भेदभाव न करता प्रवेश, इमारत आणि आवारात सहज वावर, मुलाच्या गरजेप्रमाणं वाजवी सोयी, त्याच्या एकट्यासाठीची मदत, अध्ययन अक्षमता लवकर ओळखणं, हे सगळं तिथं लिहिलंय. आणि ते फक्त सरकारी शाळांपुरतं नाही, सरकारमान्य शाळाही त्यात येतात. "आम्ही खाजगी आहोत" हे उत्तर चालत नाही.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर उद्या शाळेचा वकील तुम्हाला सांगेल. त्या कलमाची भाषा "सरकार प्रयत्न करेल" अशी आहे, म्हणजे जरा सैल आहे. पण त्याच कायद्यात भेदभावाची जी व्याख्या आहे तिच्यात वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच धरलाय. वाजवी म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता करता येण्यासारखी. वर कळंबा_तलाव यांनी एक वायरमन आणि एक दुपार म्हटलंय ना, कायद्याच्या भाषेत त्यालाच वाजवी म्हणतात.

आईबापानं पगार देऊन माणूस बसवावा असं या कायद्यात कुठंही नाही. बरेचजण मला विचारतात, प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ४० टक्के नसेल तर काहीच नाही का? ४० टक्क्यांची अट ६ ते १८ वयाच्या मोफत शिक्षणाला आहे, कलम ३१. कलम १६ ला ती अट नाही. तरी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवाच, बोलणी सोपी होतात.

शाळेनं ऐकलंच नाही तर शिक्षणाधिकारी, आणि त्यापुढं पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. पण ताई, तिथून सुरुवात करू नका. पोरगं रोज त्याच वर्गात बसणार आहे.

गंगावेस_तालीम

वकीलसाहेब "येतो" आणि मग "करते"? तुम्ही पण आक्कांच्या गल्लीतल्याच दिसताय.

कसबा_बावडा_वकील

बावड्याची आहे की! कोर्टात करते, घरात करतो.

दोन_मुलांचा_बाप

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझी मुलगी अशाच एका मुलाच्या वर्गात आहे. तो ओरडतो, वस्तू फेकतो, बाईंचा अर्धा तास त्याला सांभाळण्यात जातो. बाकीच्या ४५ मुलांनी काय करायचं? आम्ही पण फी भरतो. हक्क सगळ्यांनाच आहेत ना? अशा मुलांसाठी खास शाळा आहेत, तिथं शिकलेले शिक्षक आहेत, मग हा हट्ट कशाला?

पन्हाळ्याचं_धुकं

मी लिहायला घेतलं आणि पुसलं. तीनदा.

खडू_फळा_डस्टर

मी लिहितो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर हाय, बावीस वर्षं झाली, कागल तालुक्यात.

दोन मुलांचे बाप, तुमची तक्रार खोटी नाही. बाईंचा अर्धा तास जातो हे खरंच हाय. पण तो त्या पोरामुळं जात नाही, बाई एकट्या हायत म्हणून जातो. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० पोरांमागं एक शिक्षक सांगितलाय आणि तुमच्या वर्गात तुम्हीच सांगताय ४५ आणि वर एक, म्हणजे ४६. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं २०२२ ला ठरवून दिलं की विशेष गरजा असलेल्या दहा पोरांमागं प्राथमिकला एक विशेष शिक्षक पाहिजे, वरच्या वर्गांना पंधरामागं एक. तुमच्या शाळेत किती हायत? एकदा पालकसभेत उठून विचारा. तुम्ही विचारलं तर जास्त वजन पडंल, कारण तुमचं पोर त्यातलं नाही.

आता माझ्या वर्गातलं सांगतो. एक पोरगी होती, कानाला मशीन. पहिले दोन महिने मी फळ्याकडं तोंड करून लिहीत लिहीत बोलायचो, जुनी सवय म्हणा, डीएडपासनं तसंच. पोरगी गप्प. मला वाटायचं हुशार नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रातनं विशेष शिक्षिका आठवड्यातनं एकदा यायच्या, त्या मागं बसल्या आणि तास संपल्यावर म्हणाल्या, सर, ती तुमच्या ओठांवर बघतीय आणि तुम्ही तिला पाठ दाखवताय. झालं! आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं, एवढंच बदललं. खिडकी तिच्या पाठीमागं येईल असं बसवलं, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर पडतोय. दिवाळीनंतर पोरगी पाढे म्हणायला सगळ्यांच्या आधी हात वर करायला लागली. आणि बाकीच्या पोरांना पण कळायला लागलं जास्त, कारण मास्तर आता फळ्याशी न बोलता त्यांच्याशी बोलत होता. ह्याला एक रुपया खर्च आला नाही.

रंकाळाकाठ ताई, शिक्षकाला "माझ्या पोराला मदत करा" म्हटलं की आम्ही घाबरतो, खरं सांगतो. किती करायचं, कधी करायचं, काय कळत नाही. "बेल वाजायच्या आधी त्याला हात दाखवा" असं सांगितलं की ते कुणीबी करतंय. बारीक सांगा, नेमकं सांगा.

दोन_मुलांचा_बाप

सर, ४६ चं लक्षातच आलं नव्हतं. विचारतो पालकसभेत.

उचगावकर

मी व्हीलचेअर वापरतो, पोलिओ. शाळेत असताना वडील पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर सोडायचे, आणि मधल्या सुट्टीत मी तिथंच. सातवीपर्यंत शाळेचं मैदान मी फक्त वरून बघितलंय. लघवीला जायला नको म्हणून सकाळपासनं पाणी प्यायचो नाही. हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं, आज इथं लिहितोय.

कोल्हापुरात नसीमा हुरजूकदीदींनी १९८४ ला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, स्वतः व्हीलचेअरवर असून. तिथं पहिल्यांदा माझ्या उंचीचं बेसिन बघितलं आणि बराच वेळ हात धूत बसलो होतो.

तुमच्या शाळेत कुणी रॅम्प केलाय म्हणून सांगितलं तर टेप घेऊन जा. एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे. आमच्या इथं एका शाळेनं तीन पायऱ्यांवर सिमेंटची घसरगुंडी ओतलीय नुसती आणि फोटो काढून रॅम्प म्हणून दाखवतात. त्याच्यावरनं मी वर पण जाऊ शकत नाही आणि खाली आलो तर थेट गटारात.

फुलेवाडी_नाका

खास शाळेबद्दल दोन शब्द. माझी मुलगी १४ वर्षांची, बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के. आम्ही आधी साध्या शाळेत घातली होती. तीन वर्षं ती शेवटच्या बाकावर चित्रं रंगवत बसायची, त्रास कुणाचाच नव्हता, पण शिकवणं पण कुणाचं नव्हतं. आता खास शाळेत आहे. स्वतः वेणी घालते, पैसे मोजते, परवा कोपऱ्यावरच्या दुकानातनं एकटी दूध घेऊन आली आणि उरलेले सुट्टे माझ्या हातावर ठेवले. मी पिशवी तशीच धरून दारात उभी राहिले.

म्हणून खास शाळा म्हणजे पोराला टाकून देणं असं कुणी म्हणू नका, लागतं ते मनाला. पण कुठं घालायचं हे आम्ही ठरवलं, शाळेनं आम्हाला हाकललं नाही. रंकाळाकाठच्या मुलाला घालवायचं बघतायत, त्यात फरक आहे.

कसबा_बावडा_वकील

फुलेवाडी वहिनींचं बरोबर आहे. कलम ३१ पण तेच म्हणतं, जवळची शाळा किंवा विशेष शाळा, जी मुलाला हवी ती.

रंकाळाकाठ

सगळ्यांची उत्तरं मिस्टरांना वाचून दाखवली, ते उचगावकरांच्या उत्तरावर उठून गॅलरीत गेले.

एक विचारायचं होतं. अर्ज लिहिताना काय लिहू? मला तशी भाषा येत नाही.

खडू_फळा_डस्टर

भाषा कशाला पाहिजे? वर बेलचं लिहिलंय तसंच लिहा. बाकाखाली किती मिनिटं जातात ते लिहा. मग काय पाहिजे ते, तीन-चारच गोष्टी, शाळेला जमतील अशा. आणि त्याला काय येतं ते पहिल्या ओळीत लिहा. आमच्यापुढं येणारं प्रत्येक कागद पोराला काय येत नाही तेच सांगतंय.

पन्हाळ्याचं_धुकं

आणि डॉक्टरांच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा, मूळ कागद कधीच देऊ नका. एकट्या जाऊ नका, दोघं जा. एकजण बोलतो तेव्हा दुसऱ्यानं लिहून घ्यायचं.

गंगावेस_तालीम

शक्य असेल तर त्याच शाळेतले अजून दोन पालक शोधा. प्रत्येक शाळेत असतात, गप्प असतात एवढंच. आमच्या पोराला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. ते त्या २१ च्या यादीत नाही, त्यामुळं नुसत्या त्यावर सर्टिफिकेट मिळत नाही, आम्हाला वाटायचं आपण एकटेच. एकदा गेटवर एक वहिनी रडताना दिसल्या, बोलायला गेलो, मग कळलं आम्ही पाचजण आहोत. पाचजण मिळून गेलो तेव्हा पहिल्यांदा चहा विचारला.

आणि हे गाव शाहू महाराजांचं आहे हे विसरू नका. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्यांनी, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आज पोराला शाळेत पाठवतो म्हणून बारा हजार मागतात.

गोकुळ_शिरगाव

वरचा धागा बायकोला पाठवला. आमचा पण आहे, सिनियर केजीत. अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

शिवाजीपेठी_आक्का

आता सांगितलास न्हवं. बरं झालं.

रंकाळाकाठ

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफ करा. बेलचं झालं! पण सगळं नाही झालं, क्रमानं सांगते.

अर्ज मास्तरांनी सांगितलं तसा लिहिला, मराठीतच. पहिली ओळ "माझ्या मुलाला तेरापर्यंतचे पाढे येतात आणि त्याला शाळेत यायला आवडतं." मग चार गोष्टी. बेल जिन्याजवळ हलवावी. तोवर बाईंनी बेलच्या आधी हातानं खूण करावी. भिंतीजवळची जागा द्यावी. पीटीच्या तासाला बँड वाजतो तेव्हा लायब्ररीत बसू द्यावं. पोच मागितली तर ऑफिसमधले आधी म्हणाले पोच कशाला, मिस्टर म्हणाले थांबतो आम्ही, आणि आम्ही बाकड्यावर बसलो. पाऊण तासानं शिक्का मिळाला.

गंगावेस दादा, दोन पालक मिळाले. एकीची मुलगी तर त्याच्याच वर्गात आहे, तिला उजव्या डोळ्यानं दिसत नाही आणि तिला डाव्या कोपऱ्यात बसवलं होतं, म्हणजे फळा सगळा उजवीकडं असून तिला मान वळवून बसायला लागायची. तिच्या आईनं कधी सांगितलंच नव्हतं, शाळेनं घालवलं तर या भीतीनं. तिघीजणी मिळून गेलो.

मुख्याध्यापकांनी कलम १६ चा कागद वाचला, माझ्यासमोर, पूर्ण. म्हणाले हे आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं. मला ते खरं वाटलं.

बेल शनिवारी हलवली. भिंतीवर तिचे चार स्क्रूचे भोक अजून दिसतायत. सोमवारी हा वर्गात गेला, वर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि बाईंना विचारलं, "ती कुठं गेली?" बाईंनी त्याला नेऊन दाखवली, जिन्यापाशी. आता तो मैत्रिणीला सांगतो की बेलची बदली झाली. बाकाखाली पहिल्या दिवशी तीनदा गेला, गेल्या शुक्रवारी एकदाही नाही. मी बाईंना विचारून वहीच्या मागच्या पानावर रोज लिहून ठेवतेय.

लायब्ररीचं नाही म्हणाले, तिथं बघायला माणूस नाही. आणि शॅडो टीचरचा विषय त्यांनी सोडलेला नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. विशेष शिक्षक शाळेनंच नेमावा असा तिघींचा अर्ज आता तयार करतोय. वकीलताई, एकदा डोळ्याखालनं घालाल का?

कसबा_बावडा_वकील

रविवारी सकाळी पाठवा. तिघींच्या सह्या झाल्यावर नाही, आधी.

दोन_मुलांचा_बाप

पालकसभा झाली. मी विचारलं. विशेष शिक्षक एकही नाही, ११०० मुलांच्या शाळेत. पुढच्या सभेच्या आधी लेखी उत्तर देतो म्हणालेत. त्या मुलाचे आईवडील मागच्या रांगेत होते, सभा संपल्यावर त्याचे बाबा काही न बोलता माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग पार्किंगपर्यंत बरोबरच चालत गेलो.

उचगावकर

रंकाळाकाठ ताई, तुमच्या शाळेच्या दारात पायऱ्या किती आहेत तेवढं मोजून सांगा.

रंकाळाकाठ

पाच. उद्या टेप घेऊन जाते.